पिरमचे आठ तास, ओसरती वैनगंगा

खंभातच्या आखातात, भावनगरजवळच्या घोघा बंदरापासून थोडं दक्षिणेला, पिरम नावाचं लहानसं बेट आहे. त्याच्या कडेचा खडक दिवसातून दोनदा पाण्याखाली जातो आणि दोनदा उघडा पडतो. त्या खडकात सुमारे एक कोटी वर्षांपूर्वीचे सोंडवाले प्राणी, गेंडे, जिराफाच्या कुळातली धिप्पाड जनावरं, तीन खुरांचे घोडे दगड होऊन पडले आहेत. समुद्र हा खडक रोज थोडाथोडा खातो. हाडं बाहेर येतात ती त्यामुळेच, आणि नाहीशी होतात तीही त्यामुळेच.

पुढचा घटनाक्रम कोण्या एका तारखेचा नाही. अमावास्या किंवा पौर्णिमा उलटली की एक-दोन दिवसांनी मोठं उधाण येतं, त्याचा हा हिशेब आहे. भरती आणि ओहोटीच्या पातळीत दहा मीटरचा फरक धरला आहे. भावनगरच्या किनाऱ्यावर मोठ्या उधाणाला एवढा फरक पडतो. हाडांचा जो थर महत्त्वाचा, तो सर्वांत खालच्या पाण्याच्या दोन मीटर वर आहे असं समजू. उलट मोजणाऱ्या घड्याळाचा काटा शून्यावर येईल तेव्हा तो थर परत पाण्याखाली गेलेला असेल.

आठ तास उरले

पाणी पुरतं चढलेलं आहे. थर आठ मीटर खाली, गढूळ पाण्यात. या आखाताचा आकार नरसाळ्यासारखा आहे, रुंद तोंडातून शिरलेली भरती आत आत दाबली जाते आणि उंच होते. याच किनाऱ्यावर थोडं खाली अलंग आहे. तिथे जुनी जहाजं तोडायला आणतात ती याच उधाणाच्या जोरावर. भरतीला जहाज किनाऱ्यावर चढवायचं, ओहोटीला ते कोरड्यावर बसतं. पोलादाची अजस्र जहाजं उचलून ठेवणारं हे पाणी. हाडाला ते काय करत असेल, ते ताडता येईल.

सात तास उरले

पहिल्या तासात पाणी जेमतेम ऐंशी-पंच्याऐंशी सेंटिमीटर उतरतं. खलाशांचा जुना हिशेब असा: ओहोटीच्या सहा तासांत एकूण उताराचे बारा भाग करायचे. पहिल्या तासाला एक भाग, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन, चौथ्याला तीन, पाचव्याला दोन, सहाव्याला एक. हा हिशेब ढोबळ आहे, पण ज्याला किनाऱ्यावर काम करायचं आहे त्याने तो पाठ करून ठेवावा.

होडी आता निघायला हवी, कारण मधल्या दोन तासांत ओढ इतकी वाढते की लहान होडीने बेटापर्यंत जाणं धोक्याचं होतं. होडीत काय हवं? प्लास्टर ऑफ पॅरिसची पोती, गोणपाटाच्या पट्ट्या, टिश्यू पेपरचे रोल, छिन्न्या, हातोड्या, ब्रश, कॅमेरा, मोजपट्टी, होकायंत्र, जीपीएस, न पुसणाऱ्या शाईची पेनं, जाड वही. आणि गोड्या पाण्याचे कॅन. समुद्रात गोडं पाणी वाहून न्यायचं हे नवख्याला पटत नाही. पण प्लास्टर खाऱ्या पाण्यात कालवलं तर ते भलत्या घाईने घट्ट होतं, हातातच आवळतं, आणि मिठाचा अंश हाडाशी बांधला जातो तो वेगळाच.

पाच तास उरले

निम्मं पाणी उतरलं. या तासात अडीच मीटर गेलं, पुढच्या तासात आणखी अडीच जाईल. वरच्या अंगाचे मातीचे आणि वालुकाश्माचे थर दिसू लागलेत. माती मऊ, वालुकाश्म कडक. लाट आधी माती पोखरते, मग वरचा वालुकाश्म अधांतरी राहतो, आणि एखाद्या दिवशी मोठा तुकडा कोसळतो. त्याला भेग आहे का, तो ओघळतोय का, हे आधी बघायचं. हाडापायी माणूस दगडाखाली सापडता कामा नये.

साडेतीन तास उरले

थर उघडा पडला. हा पिंडाश्म आहे: गोटे, रेव आणि माती एकत्र सांधून झालेला दगड. जुन्या नदीने आणून टाकलेला गाळ तो. पिरमचे बहुतेक जीवाश्म अशाच थरांतून आले. नदीच्या पुराने जनावरांची हाडं गोट्यांबरोबर लोटत आणली, त्यामुळे अख्खा सांगाडा मिळणं विरळा. जबडा, दाढ, पायाचं एखादं हाड, मणका, असं सुटं सुटं मिळतं.

ओल्या दगडात हाड ओळखायला डोळा लागतो. रंग तपकिरी, कधी काळपट, गोट्यांपेक्षा जरा चकचकीत. तुटलेल्या टोकाला बारीक जाळी दिसते, ती दगडाला नसते. दाढ मात्र लवकर ओळखू येते. डायनोथेरियम नावाचा प्राणी इथे मिळाला आहे, हत्तीच्या दूरच्या नात्यातला, ज्याचे सुळे खालच्या जबड्यातून निघून खाली वळलेले असत. त्याच्या दाढेवर आडवे उंच कंगोरे असतात. आजच्या हत्तीच्या दाढेवर चपट्या पट्ट्यांची रांग असते. पानं ओरबाडून खाणारा आणि गवत दळून खाणारा, हा फरक एका दाढेवर वाचता येतो. दगडातून असा एक कंगोरा वर आलेला दिसला की त्या भागात एक कोटी वर्षांपूर्वी झाडी होती असा अंदाज बांधता येतो. जनावराबरोबर रानही कळतं, ते असं.

तीन तास उरले

हात लावायचा नाही. हा सगळ्यात कठीण अर्धा तास. पाणी अजून उतरतंय, वेळ हाताशी आहे असं वाटतं, आणि छिन्नी उचलायचा मोह होतो. पण आधी फोटो: लांबून, जवळून, मोजपट्टी ठेवून. मग हाडाचं टोक कोणत्या दिशेला आहे ते होकायंत्राने बघायचं. थर किती जाड, त्याच्या वर काय, खाली काय, गोटे केवढाले, हाड थराच्या तळाशी की माथ्याशी, हे सगळं वहीत. या अर्ध्या तासाला मी सगळ्या कामात वरचं स्थान देतो, आणि त्याला कारण पिरमचा इतिहासच आहे.

1836 मध्ये ऑस्ट्रियाचे सरदार कार्ल फॉन ह्युगेल यांच्यामुळे पिरमच्या हाडांकडे अभ्यासकांचं लक्ष गेलं. मग मुंबई इलाख्याच्या लष्करातले कॅप्टन फुलजेम्स यांनी मोठा संग्रह जमवला आणि तो लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या संग्रहालयाला दिला. त्या हाडांवर ह्यू फाल्कनर यांनी 1845 मध्ये निबंध लिहिला. फाल्कनर म्हणजे ज्यांनी प्रॉबी कॉटली यांच्याबरोबर हिमालयाच्या पायथ्याशी शिवालिकचे जीवाश्म उजेडात आणले ते. शिवालिकच्या जिराफकुळातल्या जनावराला शिवाचं नाव मिळालं होतं, शिवथेरियम. पिरमच्या त्याच्या भाऊबंदाला फाल्कनरनी ब्रह्म्याचं नाव दिलं, ब्रामाथेरियम. बेटाचं नाव पुढे प्रजातीला जोडलं, पेरिमेन्से. इथल्या एका गेंड्याच्या प्रजातीलाही बेटाचंच नाव आहे.

फाल्कनर यांचं काम फार मोठं होतं. पण त्यांच्यासमोर टेबलावर आली ती हाडं. हाड कोणत्या थरातून निघालं, त्याच्या शेजारी आणखी काय होतं, ते थेट खडकातून काढलं की लाटेने आधीच सोडवून किनाऱ्यावर टाकलेलं उचललं, हे टेबलावर कळत नाही. पिरमच्या प्राण्यांचा सविस्तर आढावा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे के. एन. प्रसाद यांनी 1974 मध्ये प्रसिद्ध केला, म्हणजे फाल्कनरनंतर जवळजवळ एकशेतीस वर्षांनी. तोवर समुद्राने किती ओहोट्या घेतल्या असतील! त्या काळात हाडाबरोबर वहीची चार पानं कोणी लिहून ठेवली असती, तर कोणता प्राणी आधीचा आणि कोणता नंतरचा याचा माग काढणं किती सोपं झालं असतं.

म्हणून अर्धा तास लिहिण्याचा. उद्या हाड हरवलं तरी ही नोंद उरते. नोंद हरवली तर कपाटात एक सुंदर वस्तू उरते, एवढंच.

पावणेदोन तास उरले

ओहोटीची अखेर. पाणी थबकलंय. थोडा वेळ सगळं स्थिर असतं, आणि याच वेळी सगळ्यात जास्त काम उरकायचं असतं.

हाडाच्या भोवतीचा दगड चर खणल्यासारखा फोडत जायचं, हाडापासून वीतभर अंतर राखून. हाडाला छिन्नी टेकवायची नाही, दगडासकट उचलायचं. उघड्या भागावर ओल्या टिश्यूचे थर चिकटवायचे म्हणजे प्लास्टर हाडाला धरणार नाही. त्यावर प्लास्टरमध्ये बुडवलेल्या गोणपाटाच्या पट्ट्या, एक उभी, एक आडवी. हाडवैद्याने मोडक्या पायाला बांधावं तसं हे बांधणं, फक्त इथे हाड जोडायचं नसून आहे तसं धरून ठेवायचं असतं. हाड लांब असेल तर पट्ट्यांत लाकडाची एखादी फळी अडकवायची. प्लास्टर वाळायच्या आत त्यावर उत्तरेचा बाण, क्रमांक आणि वरची बाजू कोरायची. हे राहिलं की प्रयोगशाळेत उलटसुलट गोंधळ होतो.

एक तास उरला

पाणी वळलं. दिसत नाही, पण वळलं. आता खालून पोखरायचं, गाठोडं सुटं करायचं आणि एका दमात पालथं घालायचं. पालथं घालताना खालची बाजू निसटते, कारण तिथे पट्टी नसते. चार हात लागतात आणि एकाचाच हुकूम लागतो.

हाड फार मोठं असेल, जबडा दगडात खोल गेला असेल, तर याच तासाला निर्णय घ्यायचा: सोडून द्यायचं. वर प्लास्टरची टोपी बसवून, जागेची खूण करून परत फिरायचं आणि पुढच्या ओहोटीला यायचं. ओहोटी रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते, आणि कधी ओहोटीची अखेर उजेडाच्या वेळेत नीट बसत नाही. शिवाय उधाण उतरून भांग (लहान भरती-ओहोटीचा काळ) लागला की पाणी इतकं खाली जातच नाही, हा थर कदाचित पुढच्या पंधरवड्यापर्यंत दिसणार नाही. हे सगळं माहीत असूनही सोडून यायचं. अर्धवट उपसलेलं हाड घाईने तोडून आणण्यापेक्षा ते दगडात राहिलेलं बरं, असं माझं ठाम मत आहे. दगडाने त्याला एक कोटी वर्षं सांभाळलंय.

पंधरा मिनिटं उरली

भरती आता मिनिटाला जवळजवळ तीन सेंटिमीटर चढते आहे. ऐकायला थोडं वाटतं. पण सपाट खडकावर उंचीचे तीन सेंटिमीटर म्हणजे पाण्याची कड कित्येक पावलं पुढे सरकते, आणि मागच्या खळग्यांतून ती आधीच आत आलेली असते. सामान होडीत. माणसं मोजून होडीत.

शून्य

थर पाण्याखाली गेला.

उरलेल्या हाडाचं आता काय होतं, ते डोळ्यांना दिसत नाही, पण क्रम ठरलेला आहे. उघडा पडलेला हाडाचा भाग ओहोटीत सुकला होता. त्याच्या भेगांत मिठाचे स्फटिक तयार झाले होते आणि स्फटिकांनी भेगा रुंद केल्या होत्या. आता पाणी आत शिरतं. लाटेबरोबर फिरणारे गोटे त्यावर आपटतात. जाळीदार भाग आधी जातो, मग कडक साल. दाढेचं एनॅमल सगळ्यात चिवट, म्हणून दाढ पुष्कळदा सुटी होऊन किनाऱ्यावर येते, पण सुटी झाली की ती कोणत्या थराची हे सांगणारं कोणी नसतं. विनाश एका दणक्यात होत नाही. दिवसातून दोन भरत्या, वर्षाला सातशेहून अधिक. प्रत्येक भरतीला थोडा.

सोडवून आणलेल्या हाडाचंही काम संपलेलं नसतं. त्याला आठवडेच्या आठवडे गोड्या पाण्यात ठेवायचं, पाणी बदलत राहायचं, मीठ निघून जाईपर्यंत. मग सावकाश सुकवून पॅरालॉइडसारखं रसायन अॅसिटोनमध्ये पातळ करून मुरवायचं. ही पायरी गाळली तर संग्रहालयाच्या कपाटात ठेवलेलं हाड आतल्या मिठाने आपोआप भुगा होतं.

इंग्लंडच्या नॉरफोक किनाऱ्यावर हीच शर्यत चालू असते. वेस्ट रंटन गावी 1990 च्या डिसेंबरातल्या वादळानंतर कड्याच्या पायथ्याशी एक मोठं हाड उघडं पडलेलं गावातल्या जोडप्याला दिसलं. त्यांनी ते संग्रहालयाला कळवलं. 1995 मध्ये रीतसर उत्खनन झालं आणि एका प्रचंड मॅमथचा सुमारे पंच्याऐंशी टक्के सांगाडा हाती आला. त्याच किनाऱ्यावर हॅपिसबर्गला 2013 च्या मे महिन्यात आठ लाखांहून अधिक वर्षांपूर्वीच्या माणसांच्या पाऊलखुणा गाळात उघड्या पडल्या. समुद्राने त्या दोन आठवड्यांच्या आत पुसून टाकल्या. उचलून नेण्यासारखं तिथे काही नव्हतंच. अभ्यासकांनी पावसात उभं राहून फोटो घेतले, त्यांतून त्रिमितीय नकाशा केला, आणि आज त्या पाऊलखुणा त्या नकाशातच आहेत.

आणि वैनगंगा

आम्हा भंडाऱ्याच्या लोकांना समुद्र नाही. भरतीचं वेळापत्रक पाहून आमचं काही ठरत नाही. पण नदीकाठच्या गाळात जुनी हाडं असतात हे मध्य भारताने पुन्हा पुन्हा दाखवलं आहे. नर्मदेच्या काठी हथनोरा इथे 5 डिसेंबर 1982 रोजी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे अरुण सोनकिया यांना आदिमानवाच्या कवटीचा भाग मिळाला, तो नदीने कापून काढलेल्या काठाच्या पिंडाश्मात होता. त्याच खोऱ्यात प्राचीन हत्तींची आणि बैलांची हाडं मिळतात. गोदावरीच्या गाळात नांदूर मध्यमेश्वरजवळ सापडलेल्या प्राचीन हत्तीवर गाय पिलग्रिम यांनी 1905 मध्येच लिहिलं. इकडे विदर्भात वर्धा नदीच्या पात्रातून हत्तीचे जीवाश्म मिळाल्याचं चंद्रपूरचे अभ्यासक सुरेश चोपणे यांनी अलीकडे पुढे आणलं.

आमच्या वैनगंगा नदीचं घड्याळ वेगळं चालतं. 2020 च्या ऑगस्टअखेर मध्य प्रदेशात धुवांधार पाऊस झाला, तिथल्या संजय सरोवर धरणाचं पाणी सोडावं लागलं, भंडारा शहरात पाणी शिरलं आणि खाली गोसीखुर्द धरणाचे सगळे 33 दरवाजे उघडले गेले. अशा पुरात सगळ्यांचे डोळे भंडाऱ्याजवळच्या कारध्याच्या पुलावरच्या पातळीकडे लागलेले असतात. ते बरोबरच आहे, माणसं वाचवायची असतात. पातळी उतरू लागली की गाव सुटकेचा श्वास टाकतं.

काठाचं संकट तेव्हा सुरू होतं. पूर चढलेला असताना नदीचं पाणी काठाला बाहेरून टेकू देत असतं. काठाची माती आतपर्यंत भिजून जड झालेली असते. पूर झपाट्याने उतरला की बाहेरचा टेकू जातो, पण आतलं पाणी लगेच निघत नाही. मग काठाला उभी भेग पडते आणि दरड पात्रात बसते. त्यात जे काही असेल, पवनीसारख्या जुन्या नगरीच्या परिसरातली खापरं असोत की त्याखालच्या गाळातलं हाड, ते एक तर त्या दरडीबरोबर जातं, नाहीतर ताज्या कापलेल्या भिंतीत पहिल्यांदा दिसतं. रेतीचा बेसुमार उपसा झाला असेल तिथे काठाचा पाया आधीच मोकळा झालेला असतो, दरड लवकर बसते.

पिरमला साडेतीन तास मिळतात आणि पंधरा दिवसांनी पुन्हा मिळतात. इथे पूर ओसरल्यापासून पुढची दरड बसेपर्यंतचा जो काय वेळ मिळेल तेवढाच, आणि तो भूवैज्ञानिकाला मिळत नाही. तो मिळतो डोंगा घेऊन जाणाऱ्या ढीवर बांधवाला, रेती घाटावरच्या मजुराला, काठाला शेत असलेल्या शेतकऱ्याला, गुरं पाण्यावर नेणाऱ्या पोराला. नॉरफोकला ज्यांनी मॅमथ वाचवला, तेही गावचेच लोक होते.

त्यांना माझं सांगणं एवढंच. नदीकाठी पडलेली बहुतेक हाडं गुरांची असतात, त्यांच्यामागे लागू नका. पण ताज्या तुटलेल्या काठाच्या भिंतीत, चुनखडीचे बारीक खडे असलेल्या पिवळट मातीत किंवा गोट्यांच्या थरात, दगडासारखं जड हाड किंवा मोठी दाढ रुतलेली दिसली, तर ती ओढू नका आणि काठाच्या अगदी खाली उभे राहू नका. लांबून एक फोटो घ्या ज्यात अख्खा काठ दिसेल, शक्य झालं तर जवळून एक, बाजूला चप्पल किंवा काठी ठेवून. मोबाइलवर जागेची खूण करा. हाड माथ्यापासून किती हात खाली आहे ते लिहा. त्याच दिवशी तलाठ्याला आणि तहसील कार्यालयाला कळवा, आणि नागपूरला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं मध्य विभागाचं कार्यालय आहे, तिथे फोटो पोहोचेल असं बघा. दुसऱ्या दिवशी दरड बसली तरी तुमचा फोटो आणि ती चार ओळींची नोंद अभ्यासाला पुरेशी पडू शकते.